जीएम नसलेल्या सोयाबीनला जादा भाव केव्हा मिळतो

भारतात व्यापारी लागवडीला परवानगी असलेले जीएम (जनुकीय बदल केलेले) पीक आजवर एकच आहे, २००२ साली मान्यता मिळालेला बीटी कापूस. सोयाबीनच्या कोणत्याही जीएम वाणाला इथे परवानगी नाही. म्हणजे लातूर, वाशीम, अकोला किंवा अमरावतीच्या बाजार समितीत उतरणारे सोयाबीन कायद्याने नॉन-जीएमच असते. जगाची स्थिती नेमकी उलटी आहे. अमेरिकेत १९९६ पासून तणनाशक सहन करणारे जीएम सोयाबीन पेरले जाते आणि आज तिथल्या सोयाबीन क्षेत्रापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्र जीएमखाली आहे. ब्राझील आणि अर्जेंटिना हे दोन मोठे निर्यातदारही त्याच वाटेने गेले. जे जगात कमी आहे ते आपल्या शिवारात सरसकट पिकते, तरी आपल्या शेतकऱ्याला हमीभावासाठी झगडावे लागते. २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असताना खुल्या बाजारातले भाव कित्येक आठवडे त्याच्या बरेच खाली होते. ‘आपला माल नॉन-जीएम आहे, जगात त्याला मागणी आहे’ हे वाक्य सभा-मेळाव्यांत वारंवार कानावर पडते. त्या मागणीचा पैसा शेतकऱ्याच्या खिशापर्यंत का येत नाही आणि तो आणायचा तर शेतकरी गटाला काय करावे लागेल, हे पेरणीपूर्वीच नीट समजून घ्यायला हवे. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे: माल नॉन-जीएम असण्याला कोणी पैसे देत नाही. तो तसा आहे याचा पुरावा आणि त्यासोबत खाण्यायोग्य प्रत, या दोन्हींना मिळून पैसे मिळतात.

आधी भाव कसा ठरतो ते पाहू. एक क्विंटल सोयाबीन गाळले की साधारण १८ किलो तेल आणि ८० किलोंच्या आसपास पेंड निघते. व्यापारी जिला डीओसी म्हणतात ती हीच. तेलाच्या बाजारात जीएमचा प्रश्न कुणी विचारत नाही. आपण अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून सोयातेल आयात करतो ते जीएम पिकाचेच असते, आणि शुद्ध केलेल्या तेलात प्रथिन किंवा डीएनए जवळजवळ उरत नसल्याने फरक दाखवताही येत नाही. पेंडीचा मोठा गिऱ्हाईक देशातला कुक्कुटपालन उद्योग आहे. त्याला प्रथिन हवे असते, जनुकाची चौकशी तो करत नाही. २०२१ च्या उन्हाळा-पावसाळ्यात सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेले तेव्हा याच उद्योगाने आयातीची मागणी केली. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये १२ लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला परवानगी दिली आणि पुढच्या काही आठवड्यांत, नवा माल बाजारात येताना, भाव कोसळले. या घटनेतून एक गोष्ट लक्षात घ्यावी. जीएम पेंड एरवी देशात येऊ शकत नाही म्हणून आपल्या भावाला थोडी भिंत मिळते. नॉन-जीएम असण्याचा सामान्य शेतकऱ्याला होणारा फायदा एवढाच, आणि तोही सरकारच्या एका अधिसूचनेवर अवलंबून आहे. त्याला संरक्षण म्हणता येईल, जादा भाव म्हणता येणार नाही. आडतीत सगळ्यांचाच माल नॉन-जीएम असेल, तर त्या गुणासाठी खरेदीदाराने एकाला वेगळा भाव का द्यावा?

वेगळा भाव देणारे गिऱ्हाईक आहेत, पण ते आडतीवर येत नाहीत. युरोपीय संघात २००४ पासून असा नियम लागू आहे की खाद्यपदार्थात किंवा पशुखाद्यात एखाद्या घटकामध्ये ०.९ टक्क्यांपेक्षा जास्त जीएम अंश असला तर वेष्टनावर तसे छापावे लागते. चुकून मिसळलेला आणि टाळता न येणारा अंश या मर्यादेत असेल तरच सूट मिळते. जर्मनीत तर जीएम चारा न दिलेल्या जनावरांचे दूध आणि अंडी वेगळ्या शिक्क्याने विकली जातात, म्हणून तिथे नॉन-जीएम पेंडीला स्वतंत्र बाजार उभा राहिला आहे. दक्षिण कोरियात अशी मर्यादा ३ टक्के आहे. जपानने एप्रिल २०२३ पासून नियम आणखी कडक केला. जीएम अंश अजिबात सापडला नाही तरच आता तिथे वेष्टनावर ‘नॉन-जीएम’ लिहिता येते. या प्रत्येक ठिकाणी खरेदीदार आकडा मागतो, आकड्यामागचा प्रयोगशाळेचा अहवाल मागतो आणि अहवालामागची नोंदींची साखळी मागतो. देशातही टोफू आणि सोयादूध बनवणारे छोटे-मोठे उद्योजक आहेत. त्यांना जीएमच्या दाखल्यापेक्षा एकाच वाणाचा, एकसारख्या टपोऱ्या दाण्याचा, बिनडागी माल हवा असतो. खरे सांगायचे तर महाराष्ट्रातल्या बहुतेक गटांनी सुरुवात याच गिऱ्हाईकापासून करावी. परदेशी खरेदीदार जी शिस्त मागतो तिचा निम्मा भाग इथे कमी जोखमीत अंगवळणी पडतो.

कामाला लागायचे तर पहिली कडी बियाण्याची. सोयाबीन हे स्वपरागसिंचित पीक आहे. शेजारच्या वाणाशी संकर होण्याचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी असते, त्यामुळे वाणाची शुद्धता गावपातळीवर टिकवता येते आणि घरचे बियाणे तीन वर्षांपर्यंत वापरता येते. वाण निवडताना आधी गिऱ्हाईक काय करणार आहे ते विचारा. गाळपासाठी परभणीचे एमएयूएस मालिकेतले वाण, राहुरीचा फुले संगम किंवा अकोल्याचा सुवर्ण सोया चालेल. सोयादूध आणि टोफूसाठी मात्र इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेचे एनआरसी १२७ आणि एनआरसी १४२ यांचा विचार करावा. पहिल्यात पचनाला अडथळा करणारा ट्रिप्सिन रोधक घटक नाही, दुसऱ्यात त्याच्या जोडीला सोयाबीनचा उग्र वास निर्माण करणारे एक विकरही नाही. गटातल्या सगळ्यांनी एकच वाण पेरावे. चार वाणांची सरमिसळ झालेले पोते प्रयोगशाळेत नॉन-जीएम ठरेल, पण टोफूवाला ते परत पाठवील. बियाणे विकत घेतले तर पावती, पिशवीवरचे लेबल आणि लॉट क्रमांक जपून ठेवा. घरचे असेल तर मे महिन्यात ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवून उगवण पाहा. सत्तर दाणे उगवले तर एकरी २६ ते ३० किलो पुरते, कमी उगवले तर त्या प्रमाणात वाढवा. सोयाबीनच्या दाण्याचे टरफल पातळ असते आणि अंकुर अगदी त्याखाली असतो, म्हणून बियाण्याची पोती आपटू नयेत आणि थप्पी सात फुटांपेक्षा उंच लावू नये. बिनपावतीचे, ‘तणनाशक मारले तरी जळत नाही’ असे सांगून विकले जाणारे बियाणे दारात येऊ देऊ नका. ते बेकायदा तर आहेच, शिवाय एका शेतकऱ्याच्या अशा दोन पिशव्यांमुळे सबंध गटाचा लॉट बाद होऊ शकतो.

दुसरी कडी मिसळीची आहे, आणि विदर्भ-मराठवाड्यात तिच्याकडे फार कमी लक्ष जाते. इथे एकाच घरात सोयाबीन आणि बीटी कापूस दोन्ही पिकतात. कापसाचा सोयाबीनशी संकर होत नाही, त्यामुळे शेतात धोका नाही. धोका सुरू होतो तो काढणीनंतर. जीएम शोधण्याची पहिली, ढोबळ पीसीआर चाचणी पिकाचे नाव ओळखत नाही. बहुतेक जीएम पिकांत बाहेरून आणलेल्या जनुकाच्या पुढे-मागे सारखेच काही तुकडे जोडलेले असतात, ती चाचणी तेवढेच शोधते. बीटी कापसातही हे तुकडे आहेत. म्हणून ज्या ट्रकमध्ये काल सरकी भरली होती, ज्या गोदामाच्या कोपऱ्यात कापसाच्या गाठींचा कचरा पडला आहे किंवा ज्या बारदान्यात सरकीची ढेप आली होती, त्यात सोयाबीन टाकले की सरकीचे चार फुटके तुकडे नमुन्यात उतरतात आणि अहवाल ‘आढळले’ असा येतो. पुढची, पिकानुसार करायची चाचणी खरे काय ते सांगते, पण तोवर माल बंदरावर पडून राहतो आणि खर्च गटाच्या माथी बसतो. उपाय साधे आहेत. नवा किंवा फक्त सोयाबीनसाठी राखलेला बारदाना वापरा. मळणीयंत्र गटातल्या शेतांसाठी आधी लावून घ्या, आणि त्यावर आधी मका मळला असेल तर ते पूर्ण रिकामे करून, झाडून, पहिली एक-दोन पोती बाजूला काढा. ट्रकचा तळ झाडून त्यावर स्वच्छ ताडपत्री अंथरा. गोदामात सोयाबीनची जागा खडूने नव्हे, भिंत किंवा जाळी घालून वेगळी करा. खरेदीच्या दारात पट्टी-चाचणी ठेवता आली तर उत्तम. दाण्याचे पीठ पाण्यात कालवून त्यात पट्टी बुडवली की तणनाशक-सहनशील जीएम सोयाबीनमधले प्रथिन काही मिनिटांत कळते. ही चाचणी कच्च्या दाण्यावर चालते. उष्णतेने प्रथिन मोडलेले असल्याने पेंडीवर तिचा भरवसा धरू नये.

प्रतवारीचे बोलायचे तर प्रक्रिया उद्योगात १०-२-२ हे माप रूढ आहे: ओलावा १० टक्के, माती-काडी २ टक्के, डागी दाणे २ टक्के. हमीभाव खरेदीत ओलाव्याची मर्यादा १२ टक्के असते, आणि २०२४ मध्ये पावसाने माल भिजल्यावर ती १५ टक्क्यांपर्यंत वाढवून दिली गेली होती. खाण्याच्या मालाला अशी सवलत नसते. शेंगा पिवळ्या-तपकिरी झाल्यावर लगेच कापणी, ताडपत्रीवर वाळवण, मळणीयंत्राचे फेरे कमी आणि चाळणी बदललेली, इतके केले तरी फुटलेल्या दाण्यांचे प्रमाण घटते. ओलावा मोजण्याचे यंत्र गटाने स्वतःचे घ्यावे. आडतीवर ‘हवा’ किती धरायची यावर जी घासाघीस होते ती इथेच संपते, आणि नॉन-जीएमचा सौदा फिसकटला तरी हा फायदा हातात राहतो.

कागदपत्रांना आपण उगाच घाबरतो. खरेदीदाराला हवे असते एवढेच की हातातल्या पोत्यावरून मागे मागे जात शेतापर्यंत पोहोचता यावे. सभासदाचे नाव, गट क्रमांक, वाण, बियाण्याचा लॉट, पेरणीची तारीख, फवारणी, मळणीची तारीख, पोत्यांची संख्या आणि त्यांवरचे क्रमांक, हे एका वहीत एका पानावर बसते. शेताच्या जागेचा पुरावा तर आपल्याकडे आधीच तयार होतो. २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाइलवर पिकाचे छायाचित्र जागेच्या नोंदीसह चढवतो. ती नोंद वेळेत आणि बिनचूक करा. युरोपीय संघाच्या जंगलतोडविरोधी नियमावलीत सोयाबीनचा समावेश आहे आणि माल कोणत्या भूखंडावर पिकला त्याचे अक्षांश-रेखांश ती मागते. तिची अंमलबजावणी लांबणीवर पडली असली तरी मागणी हटलेली नाही. २०२० नंतर जंगल तोडून केलेली शेती तिला चालत नाही. आपली शिवारे पिढ्यान्‌पिढ्या नांगरटीखाली आहेत, त्यामुळे या कसोटीत आपण ब्राझीलच्या पुढे आहोत, फक्त ते दाखवता आले पाहिजे. प्रत्येक लॉटमधला किलोभर सीलबंद नमुना वर्षभर राखून ठेवा. वाद झाला तर तोच उपयोगी पडतो.

आता पैशाचा हिशेब. समजा शंभर सभासदांनी प्रत्येकी दोन एकर सोयाबीन या कामासाठी राखले आणि एकरी सहा क्विंटल उतारा आला. एकूण माल १,२०० क्विंटल. प्रमाणपत्र, तपासणी आणि प्रयोगशाळा यांचा खर्च १ लाख ८० हजार धरला तर क्विंटलला १५० रुपये पडले. चाळण, बारदाना आणि जादा वाहतूक यांचे आणखी १२० धरू. खरेदीदार बाजारभावापेक्षा ५०० रुपये जादा देतो, पण प्रतीत बसणारा माल ८५ टक्के निघतो आणि उरलेला बाजारभावाने जातो. म्हणजे सरासरी जादा रक्कम ४२५, खर्च २७०, हाती १५५ रुपये. एकरी ९३० रुपये. हाच जादा भाव ३०० वर आला तर सरासरी २५५ मिळतात आणि गटाला क्विंटलमागे पंधरा रुपयांचा तोटा होतो. पण सभासद तिप्पट झाले आणि प्रमाणनाचा खर्च दीडपटच वाढला, तर तोच ३०० चा सौदा क्विंटलला ६० रुपये देऊन जातो. आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, तुमच्या गटाचे आकडे तुम्ही बसवा. मात्र एकट्याने किंवा पंधरा-वीस जणांनी हा उद्योग का करू नये, ते यातून दिसते. आणखी एक गोष्ट दिसते. एकरी अर्धा क्विंटल उतारा वाढला तर ४,५०० च्या भावानेही २,२५० रुपये जादा येतात. रुंद वरंबा-सरी, बीजप्रक्रिया आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच पेरणी या गोष्टी सोडून कुणी प्रमाणपत्राच्या मागे लागू नये.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. उताराच वाढवायचा तर जीएम सोयाबीनच का आणू नये? आपला सरासरी उतारा हेक्टरी टनाच्या आसपास घुटमळतो आणि ब्राझीलचा तीन टनांच्या पुढे आहे, ही गोष्ट खरी आहे. परंतु या दरीचे श्रेय जीएमला देणे पुराव्याला धरून नाही. तणनाशक-सहनशील वाणामुळे तणनियंत्रण सोपे आणि कमी मजुरीत होते, दाणे त्या जनुकामुळे भरत नाहीत. इटलीत जीएम लागवडीला मनाई आहे, तरी तिथे हेक्टरी तीन टनांच्या आसपास सोयाबीन निघते. फरक सिंचनाचा, पिकाच्या कालावधीचा आणि जमिनीच्या व्यवस्थापनाचा आहे. आपले वाण नव्वद ते एकशे पाच दिवसांत आटोपणारे आणि ऑगस्टमध्ये पावसाचा खंड पडतो की नाही यावर अवलंबून असतात. मजुरीचा प्रश्न मात्र खोटा नाही. निंदणीला माणसे मिळत नाहीत हे प्रत्येक गावचे गाऱ्हाणे आहे आणि जीएमची मागणी करणारे शेतकरी नेते तेच मांडतात. उद्या सरकारने परवानगी दिली तर जीएम घ्यावे की नाही हा प्रश्न नव्याने सोडवावा लागेल, आणि तेव्हा नॉन-जीएम माल सरसकट राहणार नसल्याने, नोंदी ठेवणाऱ्या गटाच्या मालाला उलट अधिक किंमत येईल. दोन्ही शक्यतांत ही मेहनत वाया जात नाही.

दुसरा आक्षेप असा की हा बाजार लहान आहे, महाराष्ट्रातल्या पन्नास लाख हेक्टरांच्या आसपासच्या सोयाबीनला तो पुरणार नाही. हे मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच सगळ्या शेतकऱ्यांनी सगळे क्षेत्र यात घालावे असे मी म्हणत नाही. गटातल्या प्रत्येकाने दोन-चार एकरांचा वाटा राखावा, बाकी माल नेहमीच्या वाटेने जाऊ द्यावा. आणि नॉन-जीएम म्हणजे सेंद्रिय नव्हे, ही गल्लत करू नका. सेंद्रिय मालात जीएम चालत नाही, पण नॉन-जीएम शेतात खत-औषध वापरता येते. सेंद्रियचा दाखला मिळायला हंगामी पिकाला दोन वर्षांचा रूपांतर काळ लागतो, आणि तिथली वाट सध्या अवघड झाली आहे. भारतातली देखरेख पुरेशी नाही असे कारण देऊन अमेरिकेने अपेडा या केंद्रीय निर्यात संस्थेबरोबरचा सेंद्रिय प्रमाणनाचा मान्यता-करार २०२१ मध्ये संपवला आणि २०२२ मध्ये भारतीय सेंद्रिय सोयापेंडीवर प्रतिसंतुलन शुल्कही लावले. देखरेखीवरचा विश्वास उडाला की प्रामाणिक उत्पादकही भरडला जातो. नॉन-जीएमच्या बाबतीत आपल्यावर ती वेळ येऊ नये म्हणून वहीतली प्रत्येक नोंद खरी असली पाहिजे. न पेरलेल्या शेताची नावे घालून क्षेत्र फुगवणारा सभासद, मग तो कितीही मोठा असो, गटाबाहेर काढायची तयारी ठेवा.

करार पेरणीपूर्वी करा, काढणीनंतर नव्हे. त्यात वाण, प्रमाण, ओलावा आणि प्रतीची मापे, जीएम अंशाची मर्यादा, नमुना कोणी व कुठे काढायचा, कोणत्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल अंतिम मानायचा आणि नाकारलेल्या मालाचा वाहतूक खर्च कोणाचा, हे शब्दांत यावे. भाव ठोक आकड्यात न बांधता ‘अमुक बाजार समितीचा त्या दिवसाचा सरासरी दर अधिक इतके रुपये’ असा बांधावा, आणि त्याला हमीभावाचा तळ असावा. २०२१ सारखी तेजी आली तर सभासद माल दुसरीकडे विकतात आणि मंदी आली तर खरेदीदार पाठ फिरवतो. दोन्हींवर हाच तोडगा टिकतो. सोयाबीनचे वायदे डिसेंबर २०२१ मध्ये सेबीने थांबवल्यापासून भावाची जोखीम बाजारात उतरवण्याची सोय राहिलेली नाही, म्हणून हे कलम अधिकच महत्त्वाचे आहे. काढणीच्या वेळी पैशाची निकड असेल तर पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत, सहा टक्के व्याजाने, १८० दिवसांसाठी उचल मिळते. ठेवताना तुमची थप्पी दुसऱ्याच्या मालात मिसळली जाणार नाही, हे गोदामपालाकडून लिहून घ्या. खरेदीदार लेखी द्यायला तयार नसेल आणि फक्त ‘माल आणा, मग बघू’ म्हणत असेल, तर त्या वर्षी प्रमाणपत्रावर एक रुपयाही खर्च करू नका. बियाण्याची शुद्धता, स्वच्छ बारदाना आणि वही मात्र चालू ठेवा. पुढच्या वर्षी खऱ्या गिऱ्हाईकासमोर बसताना मागच्या हंगामाच्या नोंदी टेबलावर ठेवता आल्या, तर बोलणी तिथूनच सुरू होतात.